संग्रहालयात शिल्पकार हवा, पण सजावटीला नको

कार्ल एक्ली या अमेरिकी माणसाने मेलेला प्राणी पुन्हा उभा करण्याची जी रीत बसवली, ती एकदा समजून घेतली की निसर्ग-इतिहास संग्रहालयाकडे बघण्याची नजरच बदलते. त्याच्या आधी कातडं शिवून त्यात पेंढा, भुसा, चिंध्या ठासत. प्राणी फुगायचा, पायांचे खांब व्हायचे, पोटाचा नगारा व्हायचा. एक्लीने सुरुवात आतून केली. आधी लोखंड-लाकडाचं आर्मेचर, म्हणजे आतला आधाराचा सापळा, त्यावर त्याच प्राण्याची कवटी आणि पायांची खरी हाडं, मग माती. खांदा ताणला की मागे कुठे खळगा पडतो, मान वळली की घड्या कुठून निघतात, एका पायावर भार आला की दुसऱ्या बाजूची कंबर किती उतरते, हे सगळं तो मातीत सोडवायचा. माती पुरी झाली की प्लॅस्टरचा साचा, साच्यातून कागदाच्या लगद्याचा आणि जाळीचा हलका पोकळ देह, आणि अगदी शेवटी त्यावर कातडं. म्हणजे काचेमागे उभ्या असलेल्या प्राण्याचं स्वतःचं असं जे उरतं, ते बहुतांशी कातडं, शिंगं आणि खूर. त्याखालचा देह, त्याचा तोल, कान टवकारून थबकणं, ही शिल्पकाराची करणी आहे.

एक्ली ब्राँझमध्येही काम करायचा आणि स्वतःला शिल्पकारच मानायचा. 1890 मध्ये मिलवॉकीच्या संग्रहालयात त्याने मस्करॅट या पाण्याकाठच्या प्राण्याचं दृश्य उभारलं, आणि न्यूयॉर्कमधलं आफ्रिकी सस्तन प्राण्यांचं दालन त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 1936 मध्ये खुलं झालं. त्या दालनाला निदान त्याचं नाव मिळालं. जगभरच्या संग्रहालयांतल्या बाकीच्या हजारो प्राण्यांखालच्या पाट्या वाचा. प्रजातीचं नाव असतं, कुठे सापडला ते असतं, कधीकधी शिकार करणाऱ्याचं किंवा देणगीदाराचंही नाव असतं. ज्याने तो देह घडवला, त्याचं नाव सहसा नसतं.

म्हणूनच एखादं निसर्ग-इतिहास संग्रहालय ‘आम्ही यंदा शिल्पकाराला निवासी कलावंत म्हणून बोलावत आहोत’ असं जाहीर करतं, तेव्हा मला आनंद होतो आणि लगेच काळजीही वाटते. आनंद उघड आहे. काळजी अशासाठी की त्या घोषणेचा सूर बहुतेक वेळा पाहुण्याला घर दाखवण्याचा असतो. जणू विज्ञानाच्या घरात कला पहिल्यांदाच पाऊल टाकते आहे. मग पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं. तीन महिन्यांची मुदत, दालनाच्या कोपऱ्यात लोकांना दिसेल असं एक टेबल, शाळेच्या मुलांसाठी दर शनिवारी मातीची कार्यशाळा आणि शेवटी प्रवेशद्वाराशी टांगलेलं एक भलंमोठं ‘निसर्गापासून प्रेरित’ शिल्प. उद्घाटन होतं, फोटो निघतात, शिल्पकार आपली हत्यारं आवरून जातो. संग्रहालयातली एकही पाटी बदललेली नसते, एकाही शास्त्रज्ञाने आपल्या कपाटातल्या हाडाकडे नव्याने पाहिलेलं नसतं.

माझं म्हणणं असं की शिल्पकाराला बोलवायचं तर त्याला संग्रहालयाच्या कामात घ्यावं, शोभेत नको. या संस्थांमध्ये जे दाखवलं जातं ते मोठ्या प्रमाणावर घडवलेलं असतं, आणि प्रत्येक घडवलेल्या वस्तूत कुणीतरी घेतलेले निर्णय असतात. हे निर्णय ओळखण्याची, तपासण्याची आणि लोकांसमोर उघडे करण्याची तयारी ज्याच्या हातात आणि डोळ्यांत आहे, असा माणूस म्हणजे शिल्पकार. त्याच्याकडून संग्रहालयाने हे काम मागायला हवं.

शास्त्रज्ञाला एक सोय असते, ती शिल्पकाराला नसते. शास्त्रज्ञ निबंधात ‘बहुधा’ लिहू शकतो. ‘उपलब्ध पुराव्यावरून निश्चित सांगता येत नाही’ असं लिहून तो पुढच्या परिच्छेदाकडे वळू शकतो, आणि ते प्रामाणिकपणाचंच लक्षण असतं. मातीत ‘बहुधा’ लिहिता येत नाही. शेपूट जमिनीला टेकलेली असते किंवा नसते. ओठ दात झाकतात किंवा झाकत नाहीत. डोळ्याभोवतीची कातडी सैल असते किंवा घट्ट. पुरावा असो वा नसो, शिल्पकाराला इंच इंच जागेवर उत्तर द्यावंच लागतं. त्यामुळे एखाद्या नामशेष प्राण्याबद्दल आपल्याला नेमकं काय ठाऊक नाही, हे सगळ्यांत आधी त्याच्या हाताला कळतं.

याचा सर्वांत ठळक दाखला लंडनच्या क्रिस्टल पॅलेस उद्यानात अजून उभा आहे. बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकाराने शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांच्या सल्ल्याने तिथे विटा, लोखंड आणि सिमेंट वापरून प्राचीन प्राणी पूर्णाकृती उभे केले. 1854 मध्ये ते लोकांनी पाहिले. पुस्तकातल्या वर्णनांत आणि दगडात अडकलेल्या तुकड्यांत असलेला डायनोसॉर देह घेऊन सामान्य माणसासमोर आला तो तिथे. त्यातल्या इग्वानोडॉन या शाकाहारी डायनोसॉरच्या नाकावर शिंग आहे. एक टोकदार हाड सापडलं होतं, ते नाकावरचं असावं असा इग्वानोडॉनचं पहिलं वर्णन करणारे गिडिअन मँटेल यांचा अंदाज होता. 1878 मध्ये बेल्जियममधल्या बेर्निसार इथे कोळशाच्या खाणीत इग्वानोडॉनचे डझनावारी सांगाडे मिळाले आणि उलगडा झाला की ते हाड अंगठ्याचं होतं.

या गोष्टीवर लोक हसतात आणि पुढे जातात. मला ती गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाही. कागदावरचा अंदाज कागदावर राहिला असता तर तो किती जणांना दिसला असता? हॉकिन्सने तो सिमेंटमध्ये उभा केला म्हणून तो सगळ्या जगाला दिसला, आणि पुढे चुकीचा ठरला तोही सगळ्यांसमोर ठरला. विज्ञान आपली मतं कशी बदलतं हे शिकवायला नाकावर शिंग असलेला तो इग्वानोडॉन आजही उपयोगी पडतो. हाच हॉकिन्स पुढे अमेरिकेत गेला आणि 1868 मध्ये फिलाडेल्फियात त्याने हॅड्रोसॉरसचा सांगाडा उभा केला. डायनोसॉरचा सांगाडा असा जोडून उभा करण्याची जगातली ती पहिली वेळ होती. प्रत्येक मोठ्या संग्रहालयाची आज जी ओळख आहे, तो उभा सांगाडा, तोही एका शिल्पकाराच्या हातचा आहे.

अलीकडचं उदाहरण चेडर मॅनचं. 1903 मध्ये इंग्लंडमधल्या एका गुहेत सापडलेला, सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या माणसाचा हा सांगाडा. त्याच्या डीएनएच्या अभ्यासानंतर केनिस बंधू या डच शिल्पकारांनी त्याचा चेहरा घडवला आणि 2018 मध्ये तो जगासमोर आला. गडद त्वचा, फिकट डोळे. त्यावर मोठा गदारोळ झाला. जनुकांवरून त्वचेचा रंग सांगणं हा शक्यतांचा हिशेब असतो, त्यात एक पट्टा मिळतो, एकच छटा मिळत नाही. पण रंगाचा ब्रश हातात घेतलेल्या माणसाला एकच छटा लावावी लागते. वर्तमानपत्रांत गेली ती ती छटा, तो पट्टा गेला नाही. आता कल्पना करा, त्याच चेहऱ्याच्या शेजारी, त्याच हातांनी घडवलेले आणखी दोन चेहरे असते. तोच पुरावा, तीच कवटी, पुराव्याच्या मर्यादेत बसणाऱ्या वेगळ्या छटा, ओठांची वेगळी जाडी, गालांवर कमीजास्त मांस. पाहणाऱ्याला एका नजरेत कळलं असतं की कवटी काय सांगते आणि माणसाचा अंदाज कुठून सुरू होतो. निवासी शिल्पकाराकडून मला असं काम हवं आहे. एका ठरलेल्या मॉडेलच्या कंत्राटात ते होत नाही, कारण कंत्राटात एकच वस्तू मागितलेली असते आणि तारीख ठरलेली असते.

हे नातं पूर्वी किती घट्ट होतं, याची आज आठवण उरलेली नाही. पॅरिसच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात 1854 मध्ये आंत्वान-लुई बारी या शिल्पकाराची प्राण्यांच्या रेखाटनाचा प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. बारीने तरुणपणी तिथल्याच प्राण्यांसमोर बसून रेखाटनं केली होती, मेलेल्या प्राण्यांची मापं घेतली होती, विच्छेदनं पाहिली होती. त्याच्या ब्राँझमधल्या वाघसिंहांच्या पाठीवरून जो ताण सरकतो तो या अभ्यासातून आलेला आहे. त्याच्या वर्गात बसणाऱ्यांत तरुण रोदँही होता. म्हणजे ज्याने पुढे माणसाच्या देहाचं शिल्प बदलून टाकलं, तो काही काळ हाडांच्या आणि प्राण्यांच्या सान्निध्यात शिकला. बारीनंतर ती जागा रिकामी ठेवली नाही, एमानुएल फ्रेमिए या दुसऱ्या शिल्पकाराला दिली. संग्रहालयाला शिल्पकार हा पगारी, कायम, शिकवणारा माणूस म्हणून हवासा वाटत होता. त्यापुढे तीन महिन्यांची पाहुणचाराची रेसिडेन्सी, म्हणजे निवासी कलावंताची नेमणूक, फार तोकडी दिसते.

इथवर वाचून कुणी म्हणेल की शिल्पकाराच्या बाजूने फार गोडगोड चाललं आहे. ते म्हणणं मला मान्य करावं लागेल, कारण याच इतिहासात शिल्पकाराने संग्रहालयाच्या हातून लोकांचं नुकसानही केलं आहे. फ्रेमिएचंच घ्या. पॅरिसच्या त्या संग्रहालयाच्या पुराजीवशास्त्र दालनात आत शिरताना त्याचं शिल्प भेटतं. एक ओरांगउटान बोर्निओतल्या माणसाचा गळा आवळतो आहे. कौशल्य अव्वल दर्जाचं. पण ओरांगउटान हा एकटादुकटा राहणारा, झाडावर फळं खाणारा प्राणी आहे. विज्ञानाच्या दारात उभं राहून ते शिल्प प्रत्येक येणाऱ्याला जंगलाबद्दल आणि तिथल्या माणसांबद्दल एक खोटी भीती शिकवतं.

त्याहून मोठं प्रकरण शिकागोच्या फील्ड म्युझियमचं. रोदँची शिष्या असलेल्या मालविना हॉफमन या शिल्पकर्तीला या संग्रहालयाने जगातल्या ‘मानववंशांची’ शिल्पं करायचं काम दिलं. ती जगभर हिंडली, माणसांना समोर बसवून काम केलं. संग्रहालयाच्या मनात आधी रंगवलेले, खरे केस लावलेले पुतळे होते, तिने ब्राँझचा आग्रह धरला आणि तो मान्य करून घेतला. 1933 मध्ये शंभराहून अधिक शिल्पांचं ते दालन उघडलं. शिल्पं पाहिली तर तिच्या डोळ्यांसमोर माणसं होती हे लख्ख दिसतं. एकाच्या भुवईत थकवा आहे, दुसरीच्या हनुवटीत हट्ट आहे. प्रत्येक चेहरा एका माणसाचा आहे. आणि त्याखालच्या पाट्या? त्यांनी त्या माणसाचं नाव पुसून त्याला एका ‘वंशाचा नमुना’ केलं. माणसांची अशी चौकटींत विभागणी करणारं ते शास्त्र टिकलं नाही, साठच्या दशकाच्या अखेरीला दालन मोडलं, शिल्पं पांगली. 2016 मध्ये त्याच संग्रहालयाने त्यातली पन्नासेक शिल्पं दुरुस्त करून पुन्हा मांडली, आणि या वेळी ही माणसं कोण होती, त्यांची नावं काय होती याचा शोध घेतला.

या प्रकरणावरून काही जण निष्कर्ष काढतात की शिल्पकाराला विज्ञानाच्या जवळ फिरकू देऊ नये. त्यांच्याशी मी सहमत नाही. हॉफमनच्या हाताला जे दिसलं होतं ते तिच्या वरिष्ठांच्या वर्गवारीपेक्षा खरं होतं. घोटाळा असा झाला की माध्यम कोणतं वापरायचं एवढ्यापुरतंच तिचं मत चाललं. मांडणी कशी करायची, पाटीवर काय लिहायचं, मुळात हा प्रश्न असाच विचारायचा का, हे दुसऱ्यांनी ठरवलं होतं. उत्तम शिल्पकाराला बोलावून त्याच्याकडून फक्त हस्तकौशल्य घेतलं की काय होतं ते या दालनाने दाखवून दिलं. कच्च्या विचाराला पक्क्या ब्राँझचा भारदस्तपणा मिळतो. म्हणून रेसिडेन्सीच्या करारात माझ्या मते पहिलं कलम ‘नाही म्हणण्याचं’ असावं. संग्रहालयाच्या मांडणीशी असहमत असण्याचा, ती असहमती कामातून आणि लेखी दाखवण्याचा, आणि तरीही मुदत संपेपर्यंत मानधन मिळत राहण्याचा हक्क शिल्पकाराला हवा.

दुसरी गोष्ट किल्लीची. लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात 8 कोटींहून अधिक नमुने आहेत. लोकांसमोर असतो तो त्यातला नगण्य भाग. खरं संग्रहालय मागे असतं, कपाटांत, खणांत, बरण्यांत. बर्लिनच्या संग्रहालयाने आपला ओला संग्रह, म्हणजे अल्कोहोलमध्ये ठेवलेले सुमारे 10 लाख प्राणी, सुमारे 2 लाख 76 हजार बरण्यांत, 2010 पासून काचेच्या भिंतीआड लोकांना दाखवायला सुरुवात केली. त्या बरण्यांसमोर उभं राहिलं की शिल्पकाराला कामाचा विषय आपोआप सापडतो. अल्कोहोल रूप राखतं, रंग राखत नाही. मासे पिवळट पांढरे पडतात. जेलीफिशसारखे मऊ जीव तर आकारही हरवून बसतात, बरणीच्या तळाशी नुसता गोळा उरतो. एकोणिसाव्या शतकात हीच अडचण लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का या बापलेकांनी काचेतून सोडवली. 1863 पासून आधी लिओपोल्डने आणि पुढे दोघांनी मिळून समुद्रफुलं, जेलीफिश, गोगलगाई यांच्या काचेच्या प्रतिकृती करून संग्रहालयांना पुरवल्या. तंतू इतके बारीक की ते हातात घ्यायची भीती वाटावी. पुढे 1887 ते 1936 या काळात त्यांनी हार्वर्डसाठी काचेच्या वनस्पती केल्या, चार हजारांहून अधिक. ज्या जागी जतनाचं शास्त्र अपुरं पडलं त्या जागी दोन कारागिरांच्या हातांनी ज्ञान टिकवलं. दर्शनी दालनात टेबल टाकून बसवलेल्या कलावंताला अशी जागा कधी सापडणार नाही. ती मागच्या खोलीतच सापडते.

मागच्या खोलीत जाण्याला संग्रहालयाचे लोक घाबरतात आणि त्यांची भीती रास्त आहे, हे मी ठासून सांगतो. जुन्या कातड्यांना आर्सेनिकचा साबण लावलेला असतो. तो किडीला मारतो तसा हाताळणाऱ्यालाही अपाय करतो. शिल्पकाराने बाहेरून आणलेलं न तपासलेलं लाकूड, लोकर, वाळलेल्या काटक्या यांतून कीड आत आली तर एखादा भुंगेरा वर्षभरात कीटकांचा खणच्या खण भुकटी करून टाकतो. म्हणून अशा वस्तू आत नेण्याआधी उणे 30 अंशांच्या आसपास काही दिवस गोठवतात. साच्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सिलिकॉनमधलं तेल सच्छिद्र हाडात मुरतं आणि डाग कायमचा राहतो. सगळ्यांत मला जी गोष्ट शिकवून गेली ती शिंपल्यांची. ओकच्या सुंदर कपाटांत जपून ठेवलेल्या शिंपल्यांवर पांढरी भुकटी धरते, नक्षी झडते, शिंपला आतून पोखरला जातो. लाकडातून हळूहळू सुटणारी आम्लाची वाफ चुन्याच्या शिंपल्याला खाते. याला ‘बाइनचा रोग’ म्हणतात, पण रोगाचं मूळ शिंपल्यात नसून त्याच्या रक्षणासाठी केलेल्या कपाटात असतं. लाकूड, धातू, माती, रसायनं यांचे स्वभाव ओळखणं हे शिल्पकाराचं रोजचं काम आहे. जतन विभागातला तज्ज्ञ आणि शिल्पकार एका टेबलाशी बसले तर दोघांनाही एकमेकांची भाषा चटकन कळते, कारण दोघांचंही भांडण पदार्थाशी असतं.

म्हणून पहिला महिना प्रशिक्षणाचा ठेवा. हातमोजे कधी घालायचे आणि कधी काढायचे, कवटी कुठे धरायची, कोणत्या नमुन्याला कुणीही हात लावायचा नाही, हे शिकल्यावरच किल्ली द्या, पण द्या. ज्या एका नमुन्यावरून प्रजातीचं नाव ठरलं आहे, तो आदर्श नमुना अर्थातच दूर ठेवा. त्याच्यासाठी स्कॅन आहेत. त्रिमितीय स्कॅन करून छापलेली प्रतिकृती फार उपयोगाची असते, नाजूक वस्तूला न शिवता तिचा आकार हाती येतो, आणि त्याविरुद्ध बोलण्यात अर्थ नाही. फक्त स्कॅन दिला म्हणजे काम भागलं, असं समजू नये. हाडाचं वजन, त्याचा थंडपणा, स्नायू जिथे चिकटलेला होता तिथला खरखरीतपणा, जबड्याचा सांधा बसवताना होणारा तो किंचित अडथळा, या गोष्टी फाइलमध्ये येत नाहीत. आकार समजून घेण्यात हाताचा वाटा मोठा असतो. तीस वर्षं एकाच गटावर काम केलेल्या कुठल्याही प्राणीशास्त्रज्ञाला विचारा, तो दात बोटांनी ओळखतो.

तिसरी गोष्ट ‘शेवटी काय मिळणार’ या प्रश्नाची. 1966 मध्ये लंडनमध्ये बार्बरा स्टेवेनी, जॉन लेथम आणि त्यांच्या साथीदारांनी आर्टिस्ट प्लेसमेंट ग्रुप सुरू केला. कारखाने, सरकारी खाती अशा ठिकाणी कलावंताला धाडायचं, यजमान संस्थेने त्याला वेतन द्यायचं, आणि शेवटी अमुक एक वस्तू हवी अशी अट घालायची नाही, ही त्यांची भूमिका होती. या योजनेतून गार्थ इव्हान्स हा शिल्पकार 1969 ते 1971 या काळात ब्रिटिश स्टीलमध्ये होता. पोलाद बनवणाऱ्या कंपनीत शिल्पकार गेला तर प्रचंड पोलादी शिल्प येणार, हीच कुणाचीही अपेक्षा असेल. इव्हान्सचं लक्ष वेल्डिंग शिकणाऱ्या उमेदवारांनी सरावासाठी जोडलेल्या तुकड्यांकडे गेलं. त्या वस्तू कुणी कलावस्तू म्हणून केल्या नव्हत्या, त्यांना उपयोगही नव्हता. त्याने त्यांची छायाचित्रं पुढे आणली. कंपनीत दररोज घडत असूनही कंपनीला न दिसणारी गोष्ट त्याला दिसली, कारण त्याच्यावर उद्घाटनाच्या तारखेचा बोजा नव्हता.

निसर्ग-इतिहास संग्रहालयात अशा न दिसणाऱ्या गोष्टी खच्चून भरलेल्या आहेत. जीवाश्माभोवतीचा दगड कोरून काढणाऱ्या तंत्रज्ञाचं काम घ्या. तो सुईएवढ्या हत्याराने महिनोन् महिने दगड खरवडत असतो, आणि हाड कुठे संपतं आणि दगड कुठे सुरू होतो हे दर क्षणी ठरवत असतो. हे कोरीवकाम आहे, अक्षरशः. फरक इतकाच की आकार आधीच आत आहे आणि एक ओरखडा चुकला तर तो परत मिळत नाही. या माणसाशेजारी शिल्पकार महिनाभर बसला तर काय निर्माण होईल ते आधी सांगता येणार नाही. कदाचित शिल्प होईल, कदाचित दोघांनी मिळून लिहिलेलं एक टिपण होईल, कदाचित नवं हत्यार. ते आधी सांगा असा हट्ट धरला तर होणार फक्त प्रवेशद्वारातली टांगती वस्तू.

आता सर्वांत अवघड आक्षेप. संग्रहालयांकडे पैसा कमी आहे. प्रजाती ओळखणारे वर्गीकरणतज्ज्ञ निवृत्त होतात आणि त्यांच्या जागा भरल्या जात नाहीत. कपाटांत अजून नाव न मिळालेल्या प्रजाती पडून आहेत. 2018 च्या सप्टेंबरमध्ये रिओ द जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं, तेव्हा संग्रहाच्या सुरक्षेकडे झालेलं दुर्लक्ष किती महागात पडतं ते साऱ्या जगाने पाहिलं. अशा वेळी शिल्पकाराला मानधन द्यायचं? मी या आक्षेपापुढे एक रेषा मानतो. अग्निसुरक्षा, जतन आणि अभ्यासक यांच्या वाट्याचा एक पैसाही रेसिडेन्सीकडे वळवू नये. तो वळवला जात असेल तर रेसिडेन्सी रद्द करावी. पण प्रदर्शन आणि जाहिरात यांवर संग्रहालयं जे खर्च करतात, बाहेरच्या कंपन्यांकडून तयार रबरी डायनोसॉर भाड्याने आणतात, त्या खर्चातून एका शिल्पकाराचं वर्षभराचं वेतन निघू शकतं. शिवाय संग्रहासाठी पैसा मागायचा तर लोकांना तो संग्रह जिवाभावाचा वाटायला हवा. बंद कपाटांतल्या वस्तूंसाठी मत कोण मांडणार?

लोकांना काय जाणवून देता येतं याचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. अमेरिकी शिल्पकार टॉड मॅकग्रेन याने उत्तर अमेरिकेतून नामशेष झालेल्या पाच पक्ष्यांची मोठी ब्राँझ शिल्पं केली. ग्रेट ऑक, पॅसेंजर पिजन, कॅरोलिना पॅराकीट, लॅब्रॅडॉर डक, हीथ हेन. ग्रेट ऑकची शेवटची ज्ञात जोडी 1844 मध्ये आइसलंडजवळच्या एल्डी बेटावर मारली गेली, आणि मार्था नावाची शेवटची पॅसेंजर पिजन 1914 मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. मॅकग्रेनने पिसं कोरली नाहीत. त्याने फक्त घडण ठेवली, गुळगुळीत, हात फिरवावासा वाटेल अशी. कपाटातल्या ग्रेट ऑकच्या कातड्याला कुणालाही हात लावू देणं शक्य नाही, आणि तसं व्हायलाही नको. संग्रहालय त्या पक्ष्याबद्दल सगळी माहिती देऊ शकतं. पण त्याच्या छातीचा फुगवटा तळव्याखाली जाणवून देणं शिल्पकारालाच जमतं, आणि तो पक्षी गेला म्हणजे नेमकं काय गेलं हे कळायला त्या स्पर्शाची गरज असते.

शेवटची मागणी कागदपत्रांची आहे, आणि ती मला इतर सर्वांइतकीच महत्त्वाची वाटते. रेसिडेन्सी संपली की पूर्ण झालेलं शिल्प जपलं जातं, बाकीचं कचऱ्यात जातं. मातीची कच्ची मॉडेल्स, फसलेले साचे, जबडा कसा उघडतो हे बघायला तारेने बांधलेले तुकडे, मापांच्या वह्या. निसर्ग-इतिहास संग्रहालयाला हे शोभत नाही. ज्या संस्थेत मातीत सापडलेल्या दाताच्या तुकड्यालाही नोंदवहीत क्रमांक मिळतो, तिथे त्या दाताचा विचार करताना घडवलेल्या मॉडेललाही क्रमांक मिळायला हवा. ते नमुन्याबरोबर, त्याच खणात किंवा शेजारच्या पेटीत ठेवावं. त्या पेटीवर शिल्पकाराचं नाव, त्याने हाताळलेल्या नमुन्यांचे क्रमांक आणि हे काम अर्धवट का सोडलं याची दोन ओळींची नोंद असावी, आणि पुढच्या शिल्पकाराला रुजू झाल्याबरोबर ती पेटी उघडून पाहता यावी.